अस्सल नोट कशी ओळखावी?

(शेतकरी बंधू व ग्रामपातळीवरील कार्यकर्ते यांच्यासाठी पाठ)

शेतमालाची विक्री ही शेतकऱ्याच्या हंगामभराच्या श्रमांची अखेरची पायरी होय. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती पाहणे, खताच्या पोत्याची शिवण व वजन तपासणे, माल तोलण्यापूर्वी काटा शून्यावर आहे किंवा नाही याची खात्री करून घेणे, या गोष्टी आता बहुतेक शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडल्या आहेत. परंतु मालाचे पैसे हाती येतात तेव्हा नोटा केवळ मोजल्या जातात. त्या तपासल्या जात नाहीत. मोजणी बरोबर आली की पैसे उपरण्यात बांधून किंवा खिशात घालून मनुष्य गाडी गाठण्याच्या घाईला लागतो. या घाईत पाचशे रुपयांची एखादी बनावट नोट आली, तर तितका माल फुकट दिल्यासारखेच होते.

हे नुकसान इतर नुकसानीपेक्षा वेगळे आहे. गारपीट झाली तर पंचनामा होतो. पिकाचा विमा असेल तर दावा करता येतो. बियाणे उगवले नाही तर तक्रार करता येते. बनावट नोटेची भरपाई मात्र बँक देत नाही आणि शासनही देत नाही. ती नोट ज्याच्या हाती असताना उघडकीस येते, तोच तिचा तोटा सोसतो. म्हणून नोट स्वीकारण्यापूर्वीची तपासणी हाच यावरील खरा उपाय आहे. ही तपासणी अवघड नाही. त्यासाठी यंत्र लागत नाही व विशेष शिक्षणही लागत नाही. डोळे, बोटे आणि पुरेसा उजेड ही तीन साधने असली म्हणजे पुरे. प्रस्तुत पाठात ही तपासणी कशी करावी, बनावट नोट आढळल्यास काय करावे आणि काय करू नये, याचे विवेचन केले आहे.

नोटेचा कागद व छपाई

नोट पारखण्यापूर्वी ती कशी तयार होते हे थोडक्यात समजून घेणे उपयुक्त ठरेल. आपल्या देशातील नोटांचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसून संपूर्णपणे कापसाच्या तंतूंचा असतो. वही, वर्तमानपत्र किंवा छायाप्रतीचा कागद आणि नोटेचा कागद यांच्या स्पर्शात जो फरक जाणवतो, त्याचे हे मुख्य कारण होय. कोरी नोट बोटांत धरून हलविली असता तिचा विशिष्ट करकरीत आवाज येतो. घाम, पाणी व हाताळणी यांमुळे जुनी नोट मऊ पडते. परंतु साध्या कागदाप्रमाणे तिचा चटकन लगदा होत नाही.

नोटा छापण्याचे कारखाने देशात चार ठिकाणी आहेत : महाराष्ट्रात नाशिक, मध्य प्रदेशात देवास, कर्नाटकात म्हैसूर आणि पश्चिम बंगालमध्ये सालबोनी. यांपैकी नाशिकचे चलनपत्र मुद्रणालय १९२८ पासून चालू आहे. खऱ्या नोटेची काही वैशिष्ट्ये कागद तयार होत असतानाच त्यात घातली जातात. जलचिन्ह व सुरक्षा धागा ही त्यांची उदाहरणे होत. काही वैशिष्ट्ये विशेष शाईची असतात, तर काही उठावाच्या छपाईने साधली जातात. बनावट नोट करणारा मनुष्य नोटेचे चित्र उतरवू शकतो, पण कागदाच्या अंगातील गोष्टी त्याला साधत नाहीत. म्हणून नोटेवरील चित्राकडे पाहून समाधान मानू नये. चित्राखेरीज जे आहे ते पाहावे.

तपासणीच्या तीन रीती

पुढील तीन रीती पाचशे रुपयांची नोट समोर ठेवून सांगितल्या आहेत. व्यवहारात हीच नोट सर्वांत अधिक फिरते आणि तिच्यात फसगत झाल्यास तोटाही मोठा होतो. ज्या बाजूस महात्मा गांधींचे चित्र आहे ती नोटेची समोरची बाजू समजावी.

(१) उजेडासमोर धरणे. नोट सूर्यप्रकाशाच्या दिशेने, दिव्यासमोर किंवा मोबाईलच्या विजेरीसमोर धरावी. समोरील बाजूच्या उजवीकडे जो कोरा भाग दिसतो, त्यात महात्मा गांधींची छायाकृती व ५०० हा अंक उमटलेला दिसेल. हेच जलचिन्ह होय. कागदाची जाडी कोठे कमी व कोठे अधिक ठेवून ते तयार केलेले असते. त्यामुळे चेहऱ्यावरील उजेड आणि सावली हळूहळू एकमेकांत मिसळतात. बनावट नोटेत ही आकृती फिकट शाईने किंवा मेणचट पदार्थाने काढलेली असते. तिच्या कडा ठळक असतात आणि पुष्कळदा ती उजेडासमोर न धरताही दिसते. जे जलचिन्ह नोट मेजावर ठेवली असता स्पष्ट दिसते, ते संशयास्पद मानावे.

याच वेळी सुरक्षा धागाही पाहावा. समोरील बाजूने तो तुटक दिसतो. थोडा वर, थोडा कागदात दडलेला. उजेडासमोर धरताच तो वरपासून खालपर्यंत एक अखंड रेषा दिसला पाहिजे. त्यावर ‘भारत’ हा शब्द व रिझर्व्ह बँकेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे असतात. बनावट नोटेत धाग्याच्या जागी चकचकीत पट्टी चिकटविलेली किंवा नुसती रंगविलेली असते. काही वेळा दोन पातळ कागद एकमेकांस चिकटवून त्यांच्यामध्ये पट्टी घातलेली असते. अशा नोटेचा कोपरा बोटांनी चोळला असता कागदाचे दोन पदर सुटू लागतात.

नोटेच्या डाव्या बाजूस ५०० हा अंक अर्धवट छापलेला दिसतो. त्याचा उरलेला भाग मागील बाजूस असतो. उजेडासमोर धरल्यावर दोन्ही भाग एकमेकांशी तंतोतंत जुळून पूर्ण अंक तयार होतो. दोन्ही बाजूंची छपाई अशी केसाइतकी जुळवणे बनावट नोट करणाऱ्यास कठीण जाते.

(२) तिरपी करणे. नोट हातात सपाट धरून मागे-पुढे कलती करावी. सुरक्षा धाग्याचा रंग हिरव्याचा निळा होताना दिसेल. समोरील बाजूस उजव्या हाताला खाली रुपयाच्या चिन्हासह ५०० हा अंक छापलेला आहे. त्याचाही रंग याच रीतीने हिरव्याचा निळा होतो. ही शाई बाजारात मिळणाऱ्या साध्या शाईसारखी नसते, आणि छायाप्रत काढणाऱ्या यंत्राला रंगाचा असा पालट उतरविता येत नाही. बनावट नोटेतील अंक एकाच रंगाचा राहतो किंवा केवळ चमकतो. चमकणे आणि रंग पालटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवावे.

यानंतर नोट डोळ्यांच्या पातळीवर आडवी आणून सुमारे ४५ अंशांच्या कोनात पाहावी. डावीकडील पट्टीत एरवी न दिसणारा ५०० हा अंक प्रकट होतो.

(३) बोटांनी चाचपणे. गांधीजींचे चित्र, अशोकस्तंभाचे चिन्ह आणि उजवीकडील ओळखचिन्ह ही उठावाच्या छपाईची आहेत. त्यांवरून नखाचे किंवा बोटाचे टोक हळूच फिरविले असता खडबडीतपणा जाणवतो. नोटेच्या डाव्या व उजव्या कडांस तिरक्या रेषा आहेत. त्याही हाताला लागतात. पाचशेच्या नोटेवर प्रत्येक कडेस अशा पाच रेषा असून ओळखचिन्ह गोल आहे. ही व्यवस्था मुख्यतः अंध व्यक्तींसाठी केलेली असली, तरी अंधुक उजेडात बाजार करणाऱ्या डोळसांनाही ती तितकीच उपयोगी पडते. फार वापरलेल्या नोटेवरील उठाव झिजतो. म्हणून जुन्या नोटेच्या बाबतीत केवळ या एका परीक्षेवर निर्णय देऊ नये.

निरनिराळ्या नोटांच्या खुणा

नोव्हेंबर २०१६ पासून प्रचारात येत गेलेल्या नव्या मालिकेतील नोटांच्या ठळक खुणा पुढीलप्रमाणे आहेत. मापे मिलिमीटरमध्ये दिली असून ती शाळेतील पट्टीने पडताळून पाहता येतात.

५०० रुपये : दगडी करडा रंग. माप ६६ × १५०. मागील बाजूस लाल किल्ला. कडेस पाच तिरक्या रेषा. गोल ओळखचिन्ह. धागा व अंक दोन्ही रंग पालटतात.

२०० रुपये : उजळ पिवळा रंग. माप ६६ × १४६. मागील बाजूस सांचीचा स्तूप. कडेस चार तिरक्या रेषा व त्यांच्यामध्ये दोन वर्तुळे. ओळखचिन्ह इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराचे. धागा व अंक दोन्ही रंग पालटतात.

१०० रुपये : फिकट जांभळा रंग. माप ६६ × १४२. मागील बाजूस गुजरातेतील पाटण येथील ‘राणी की वाव’ ही विहीर. कडेस चार तिरक्या रेषा. त्रिकोणी ओळखचिन्ह. धागा रंग पालटतो. अंक मात्र पालटत नाही.

५० रुपये : तेजस्वी निळा रंग. माप ६६ × १३५. मागील बाजूस हंपी येथील दगडी रथ.

२० रुपये : हिरवट पिवळा रंग. माप ६३ × १२९. मागील बाजूस आपल्या महाराष्ट्रातील वेरूळची लेणी.

१० रुपये : चॉकलेटी तपकिरी रंग. माप ६३ × १२३. मागील बाजूस कोणार्कचे सूर्यमंदिर.

यांखेरीज १००, ५०, २० व १० रुपयांच्या पूर्वीच्या मालिकेतील नोटाही वैध आहेत. त्यांचे आकार व रंग वेगळे असल्यामुळे त्यांना बनावट समजू नये. पूर्वीच्या मालिकेतील ५०० व १,००० रुपयांच्या नोटांची वैधता मात्र ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री संपुष्टात आली. २,००० रुपयांची नोट चलनातून मागे घेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ रोजी जाहीर केला. ती नोट कायद्याने वैध असली, तरी ऑक्टोबर २०२३ नंतर ती साधारण बँक शाखेत बदलून मिळत नाही. तिच्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या ठराविक कार्यालयांशी संपर्क साधावा लागतो. तेव्हा शेतमालाच्या मोबदल्यात ती नोट न घेणेच सोयीचे होय.

भिंगाचा उपयोग

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांजवळ पानांवरील फुलकिडे व कोळी पाहण्यासाठी लहान भिंग असते. नोट पारखण्यासही ते उत्तम उपयोगी पडते. पाचशेच्या नोटेवर ‘भारत’ व ‘इंडिया’ हे शब्द अतिशय बारीक अक्षरांत छापलेले आहेत. नुसत्या डोळ्यांना जी रेषा वाटते, ती भिंगाखाली अक्षरांची ओळ असल्याचे आढळून येते. खऱ्या नोटेत ही अक्षरे स्वच्छ व सुटी दिसतात. बनावट नोटेत ती एकमेकांत मिसळलेली असतात किंवा त्यांच्या जागी रंगीत ठिपक्यांचा समूह दिसतो. नक्षीच्या रेषांचेही असेच आहे. अस्सल नोटेतील रेषा अखंड व धारदार असते, तर घरगुती छपाईयंत्रावर काढलेल्या नोटेतील रेषा ठिपक्यांची बनलेली असते.

अनुक्रमांकाचा विचार

नोटेचा अनुक्रमांक समोरील बाजूस डावीकडे वर व उजवीकडे खाली असा दोन ठिकाणी असतो. दोन्ही क्रमांक एकच असले पाहिजेत. त्यातील अंक डावीकडून उजवीकडे आकाराने वाढत जातात. ही मांडणी सहज पाहता येते.

एकाच पुडक्यात सारख्या क्रमांकाच्या दोन नोटा आढळल्या तर सावध व्हावे. मात्र लगेच निष्कर्ष काढू नये. कारण एकच क्रमांक दोन खऱ्या नोटांवरही असू शकतो. तसे असल्यास क्रमांकाच्या पट्टीतील लहान अक्षर, मागील बाजूस छापलेले वर्ष किंवा गव्हर्नरांची सही यांपैकी काहीतरी भिन्न असते. या तिन्ही गोष्टीही सारख्याच असतील, तर दोहोंपैकी निदान एक नोट खोटी आहे असे समजून दोन्ही नोटा बँकेस दाखवाव्यात.

खोट्या समजुती

बनावट नोट घेण्याने जसे नुकसान होते, तसेच खरी नोट नाकारण्यानेही होते. आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या वृद्ध स्त्रीची खरी नोट कोणी नाकारली, तर तिला विनाकारण हेलपाटा पडतो. म्हणून पुढील समजुती टाकून द्याव्यात.

‘क्रमांकात तारा असलेली नोट खोटी असते.’ हे खरे नाही. छपाईत सदोष निघालेल्या नोटांच्या जागी ज्या नोटा घातल्या जातात, त्यांच्या क्रमांकात अक्षरे व अंक यांच्यामध्ये तारा छापलेला असतो. ती नोट इतर नोटांइतकीच वैध आहे.

‘पाचशेच्या नोटेवरील हिरवी पट्टी गव्हर्नरांच्या सहीजवळ नसून गांधीजींच्या चित्राजवळ असेल तर ती नोट खोटी.’ हेही खरे नाही. दोन्ही प्रकारच्या नोटा वैध आहेत.

‘लिहिलेली, मळकी किंवा फाटकी नोट चालत नाही.’ नोटेवर लिहिल्याने तिची वैधता जात नाही. तथापि तिचे आयुष्य कमी होते, म्हणून लिहू नये. मळलेल्या व फाटक्या नोटा बँक शाखांत नियमांनुसार बदलून मिळतात. शेतातील घामाने व मातीने मळलेली नोट आणि बनावट नोट यांचा काही संबंध नाही.

‘गव्हर्नरांची सही नाही, म्हणून नोट खोटी.’ एक रुपयाची नोट भारत सरकारची असते व तिच्यावर वित्त सचिवांची सही असते. इतर सर्व नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते.

नाण्यांच्या बाबतीतही असाच गैरसमज आढळतो. दहा रुपयांची नाणी वेळोवेळी निरनिराळ्या नमुन्यांत निघाली आहेत. रुपयाचे चिन्ह असलेली व नसलेली अशी दोन्ही वैध आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये तोपर्यंतचे १४ नमुने वैध असल्याचे जाहीर केले होते.

यांत्रिक साधने व त्यांच्या मर्यादा

दुकानांत व अडतीवर जांभळ्या प्रकाशाचा दिवा ठेवलेला दिसतो. साधा कागद या प्रकाशात निळसर पांढरा चमकतो, नोटेचा कागद तसा चमकत नाही. परंतु खिशात राहून कपडे धुण्याच्या भुकटीत धुतली गेलेली खरी नोटही या दिव्याखाली चमकू लागते, कारण ती भुकटी कपडे उजळ दिसावेत अशा द्रव्यांनी युक्त असते. तेव्हा केवळ या परीक्षेवर विसंबू नये.

काही ठिकाणी नोटेवर रेघ ओढण्याचे विशेष पेन वापरतात. त्यात आयोडीन असते. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला असता तो निळसर काळा होतो, कारण बटाट्यात पिष्ट असते. साध्या कागदातही बहुधा पिष्ट असते, म्हणून त्यावर काळी रेघ उमटते. पण पिठाच्या गिरणीतून आलेल्या खऱ्या नोटेवरही पिठाचे कण असल्यास रेघ काळी पडेल. आणि पिष्टरहित कागदावर छापलेली बनावट नोट या परीक्षेतून सुटेल. शिवाय नोट खराब होते, ती वेगळीच.

अंध व्यक्तींसाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मणी’ नावाची मोबाईलवरील सोय सुरू केली. ती नोट किती रुपयांची आहे हे सांगते. नोट खरी की खोटी हे सांगत नाही. हा फरक कार्यकर्त्यांनी लोकांस अवश्य समजावून द्यावा.

पैसे घेताना पाळावयाची शिस्त

पैसे देणाऱ्याच्या समोरच, त्याच्या गादीवर किंवा खिडकीवर, नोटा मोजाव्यात व तपासाव्यात. तपासणीबद्दल संकोच बाळगू नये. ज्याने मालाचा प्रत्येक डाग पाहून भाव ठरविला, त्याला नोट पाहण्याचा राग येण्याचे कारण नाही.

प्रथम सर्व नोटा एकाच बाजूने व एकाच दिशेने लावाव्यात. नंतर पाच-सहा नोटा हातात पत्त्यांप्रमाणे अशा पसराव्यात की प्रत्येकीचा उजवीकडील खालचा अंक दिसेल. आता त्या एकत्र कलत्या कराव्यात. सर्व अंकांचा रंग एकाच वेळी पालटला पाहिजे. जी नोट या ओळीत मागे राहील ती बाहेर काढून उजेडासमोर धरावी व बोटांनी चाचपावी. या रीतीने पन्नास नोटा पाहण्यास फार वेळ लागत नाही.

एकाच खुणेवरून नोट खरी ठरवू नये व खोटीही ठरवू नये. जलचिन्ह, धागा, रंग पालटणारा अंक आणि उठावाची छपाई या चारही गोष्टी पाहाव्यात. संशय आल्यास, नोट स्वीकारण्यापूर्वीच, ‘ही नोट बदलून द्यावी’ असे शांतपणे सांगावे. वाद घालण्याची आवश्यकता नाही. रक्कम मोठी असल्यास ती बँक खात्यात जमा करण्याचा आग्रह धरणे सर्वांत उत्तम.

निरनिराळ्या व्यापाऱ्यांकडून आलेले पैसे बँकेत भरेपर्यंत एकत्र करू नयेत. प्रत्येक पुडक्यावर चिठ्ठी ठेवावी व तीवर तारीख, मालाचा प्रकार व देणाऱ्याचे नाव लिहावे. हिशेबपट्टी जपून ठेवावी. या लहानशा शिस्तीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

बनावट नोट आढळल्यास

बँकेत भरणा करताना नोट बनावट आढळली, तर बँक ती परत देत नाही. तिच्यावर तसा शिक्का मारून ती रोखून ठेवली जाते. तिची रक्कम खात्यात जमा होत नाही. मात्र बँकेने ठराविक नमुन्यात पोचपावती देणे बंधनकारक आहे. पावतीवर सही करण्यास ग्राहक तयार नसला तरीही ती द्यावी लागते. शेतकऱ्याने ही पावती मागून घ्यावी व हिशेबपट्टीबरोबर ठेवावी.

एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा आढळल्यास बँक महिनाअखेरीस पोलिसांकडे एकत्रित अहवाल पाठविते. पाच किंवा अधिक आढळल्यास पोलिसांत ताबडतोब गुन्हा नोंदविण्यासाठी कळविले जाते. त्या वेळी चौकशी झाली तर घाबरू नये. पैसे कोठून आले हे खरे खरे सांगावे. येथेच पुडक्यावरील चिठ्ठी व हिशेबपट्टी उपयोगी पडतात. भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील कलम १८० प्रमाणे बनावट नोट, ती बनावट आहे हे माहीत असून खरी म्हणून वापरण्याच्या हेतूने जवळ बाळगणे हा सात वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. परंतु ती वैध मार्गाने आपल्याकडे आल्याचे सिद्ध केल्यास तो गुन्हा होत नाही, असे त्याच कलमात स्पष्ट केले आहे.

घरी आल्यावर नोट संशयास्पद वाटली तर ती जाळू नये, फाडू नये व लपवूनही ठेवू नये. ती वेगळ्या पाकिटात घालून बँक शाखेत दाखवावी. खरी असल्यास पैसे मिळतील. खोटी असल्यास पावती मिळेल.

नोट पुढे ढकलणे

बैठकांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘आम्हाला कोणी दिली, आम्ही पुढे दिली, यात आमचा काय दोष?’ प्रश्न सरळ आहे व त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे. नोट खोटी आहे हे ठाऊक नसताना ती हातून पुढे गेली तर ती फसगत होय. ठाऊक झाल्यावर ती खरी म्हणून दिली तर तो अपराध होय. कलम १७९ प्रमाणे त्यास जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा व दंड सांगितला आहे. पाचशे रुपये वाचविण्यासाठी एवढा धोका पत्करणे शहाणपणाचे नव्हे.

परंतु शिक्षेच्या भयापेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. अशी नोट पुढे ढकलली की ती कोणाकडे जाते, याचा विचार करावा. बँकेत ती चालत नाही, मोठा दुकानदार ती तपासून घेतो. मग ती संध्याकाळच्या अंधुक उजेडात, घाईने, निंदणी-खुरपणीच्या मजुरीत दिली जाते. किंवा बाजारात टोपली घेऊन बसलेल्या म्हातारीच्या हाती पडते. ज्याला नोट पारखता येत नाही, ज्याला ती नाकारण्याचे धैर्य नाही, त्याच्याकडेच ती अखेरीस जाऊन थांबते. ज्या घरात पाचशे रुपयांवर आठवड्याचा बाजार होतो, त्या घरात ती नोट उघडकीस येते. तेव्हा जो शेतकरी खोटी नोट बँकेत देऊन तोटा सोसतो, तो केवळ कायदा पाळत नाही. आपल्याच गावातील एका दुर्बळ घराचा तोटा स्वतःवर घेतो. मजुरी देताना नोटा आपणच एकदा पाहून द्याव्यात. हा नियम प्रत्येक बागायतदाराने स्वतःस घालून घ्यावा.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

ग्रामसभा, महिला बचतगट किंवा शेतीशाळा यांच्या बैठकीत या विषयासाठी अर्धा तास राखून ठेवावा. सुगीच्या आरंभी, माल बाजारात जाण्यापूर्वी, हे प्रात्यक्षिक घेणे अधिक उपयुक्त ठरते. साहित्य म्हणून प्रत्येक किमतीची एक खरी नोट, भिंग, विजेरी व पट्टी घ्यावी. बनावट नोट नमुन्यासाठी जवळ ठेवू नये. नोटांच्या रंगीत छायाप्रतीही काढू नयेत. कायद्याने त्यास मनाई आहे, आणि शिक्षणाच्या दृष्टीने त्यांची गरजही नाही. ज्याच्या बोटांना खऱ्या नोटेची ओळख पक्की झाली, त्याला खोटी नोट आपोआप खटकते.

प्रथम सर्वांनी पाचशेची नोट उजेडासमोर धरून जलचिन्ह व धागा पाहावा. नंतर ती तिरपी करून रंगाचा पालट पाहावा. नंतर डोळे मिटून बोटांनी कडेच्या रेषा मोजाव्यात. शेवटी ज्यांना वाचता येत नाही, अशा दोन-तीन जणांकडून हीच परीक्षा इतरांना करून दाखवावी. नोटेच्या मागील बाजूस भाषांच्या पट्टीत १५ भाषा आहेत व त्यांत आपली मराठी आठवी, म्हणजे बरोबर मध्यभागी आहे, ही गोष्ट मुलांना शोधावयास सांगितल्यास त्यांचेही लक्ष विषयाकडे वेधले जाते.

सारांश

१. नोटा मोजा आणि तपासाही. पैसे देणाऱ्याच्या समोरच तपासा.
२. उजेडासमोर धरा, तिरपी करा, बोटांनी चाचपा.
३. एका खुणेवर निर्णय देऊ नका. चार खुणा पाहा.
४. तारा असलेली, मळकी किंवा लिहिलेली नोट बनावट समजू नका.
५. प्रत्येक व्यवहाराचे पैसे व हिशेबपट्टी वेगळी ठेवा.
६. संशय येताच बँकेत जा व पोचपावती घ्या.
७. खोटी ठरलेली नोट कोणालाही देऊ नका. मजुराला तर नाहीच नाही.

ही सात सूत्रे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावीत. हंगामभर शेतात राबून मिळविलेल्या पैशांतील प्रत्येक नोट खरी असली पाहिजे, आणि ती आपल्या हातून पुढे जातानाही खरीच असली पाहिजे.